बोअरच्या पाण्यात नाजूक मासे: फिशटँकसाठी आरओ कसा लावायचा आणि त्याचं पाणी कसं बनवायचं

आमची सोसायटी पुण्याच्या कडेला आहे, वर्षातले बरेच महिने बोअर नाहीतर टँकर, आणि ते पाणी कसं असतं हे अशा भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. रात्री पातेल्यात पाणी ठेवलं की सकाळी काठाला पांढरी रेघ, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, गीझरच्या कॉइलवर क्षारांचं साल. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ७०० मिलिग्रॅमच्या आसपास. या पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी अगदी मजेत राहतात, पिल्लं पण भरपूर होतात. पण मला कार्डिनल टेट्रा ठेवायचे होते, जे मूळचे ब्राझीलच्या रिओ निग्रो भागातले, तिथलं पाणी इतकं मृदू की क्षार जवळपास नाहीतच, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात ते दुकानातून आणल्यावर काही दिवस बरे दिसतात आणि मग रंग उतरतो, एकेक कमी होत जातो.

सगळे म्हणाले आरओचं पाणी घाल. मी घरच्या स्वयंपाकघरातल्या आरओचं घातलं. त्याच टाकीत वीसेक चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या लाल कोळंब्या, होते, दोन दिवसांत एकही राहिला नाही, तिसऱ्या दिवशी गोगलगायी पण काचेवरून खाली पडलेल्या. फिशटँकच्या दुकानातल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आरओ कॉपरवाला आहे का घरचा?" होता. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, मी रोज वाचत होतो.

त्यामुळे हा लेख मी त्या प्रश्नापासून लिहितोय. आरओचं पाणी म्हणजे "चांगलं पाणी" नाही, ते रिकामं पाणी आहे. त्यात काही नको होतं ते निघून गेलंय आणि हवं होतं ते पण निघून गेलंय, आणि परत काय भरायचं, किती भरायचं हे आपण ठरवायचं असतं. घरातलं पिण्याचं मशीन ते आपल्यासाठी ठरवतं, माशांसाठी नाही.

आधी बघा, तुम्हाला आरओ लागतो का

मुंबईत महापालिकेचं पाणी असेल तर बहुतेक नाही. ते भातसा, तानसा, वैतरणा या धरणं-तलावांचं, म्हणजे पावसाचंच साठवलेलं पाणी, मुळातच मृदू. पुण्यात खडकवासल्याकडून येणारं पाणी पण तसंच. तिथे क्लोरीन काढलं की बऱ्याच माशांना पुरतं. प्रश्न बोअरचा आहे, कारण दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपत आलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं.

आणि मासे कुठले आहेत तेही बघा. मोली, गप्पी, आफ्रिकेतल्या मलावी-टांगानिका तलावांचे सिक्लिड यांना जड पाणीच आवडतं, त्यांच्यासाठी आरओ लावणं म्हणजे पैसे घालवून त्यांचं नुकसान करणं. डिस्कस, कार्डिनल, जर्मन ब्लू रॅम, क्रिस्टल रेड श्रिंप, किंवा समुद्री टँक असेल तर पुढे वाचा.

तीन गोष्टी मोजायच्या. टीडीएस पेनसारख्या मीटरने, तो स्वस्त असतो, पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. पण कुठले क्षार ते तो सांगत नाही, आणि क्लोरीन त्याला कळतच नाही. म्हणून जीएच आणि केएच ची थेंबवाली किट पण घ्या. जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, केएच म्हणजे बायकार्बोनेट, जे पीएच धरून ठेवतं. नळीत ५ मिली पाणी घेऊन एकेक थेंब टाकत हलवायचं, रंग पलटला की थांबायचं, जेवढे थेंब तेवढ्या डिग्री. एक डिग्री म्हणजे लिटरला साधारण १७.८ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. माझ्या बोअरचं जीएच २२ आणि केएच १६ आलं, केएचचे थेंब टाकताना हात दुखला म्हणा ना.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण बंगलेवाल्यांचा गोंधळ होतो. घरी वॉटर सॉफ्टनर असेल, तो मीठ टाकायचा मोठा सिलिंडर असतो ना, तो पाणी माशांच्या अर्थाने मृदू करत नाही. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो, साबणाला फेस येतो, पण टीडीएस तेवढाच राहतो.

आत नक्की काय होतं

मनुका रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी टम्म फुगतात. साल पाण्याला आत जाऊ देतं, साखरेला बाहेर सहज येऊ देत नाही, आणि पाणी नेहमी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे सरकतं. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं तेही हेच, फक्त तिथे दाट बाजू बाहेर असते. हा झाला ऑस्मोसिस. आता दाट बाजूला जोर लावला, इतका की पाण्याचा हा नैसर्गिक ओढा मोडून पडेल, तर पाणी उलटं, दाट बाजूकडून पातळ बाजूकडे जायला लागतं आणि क्षार मागे राहतात. हाच रिव्हर्स ऑस्मोसिस.

हे कामचलाऊ वेगाने करणारा पडदा, म्हणजे मेंब्रेन, १९५९-६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपल्याकडून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी बनवला. आज आपल्या मशीनमध्ये जो असतो तो पॉलीअमाइडचा पातळ थर असलेला, गुंडाळी करून नळीत भरलेला. त्याला चाळणी म्हणतात खरं, पण चाळणीचं चित्र डोक्यात ठेवू नका, कारण चाळणीत सगळं पाणी पडद्यातून आरपार जातं. इथे पाणी पडद्याला घासून आडवं वाहतं, थोडं पडद्यातून पलीकडे जातं आणि बाकीचं क्षार बरोबर घेऊन दुसऱ्या तोंडाने निघून जातं. ते रिजेक्ट पाणी. ते वाहिलं नाही तर क्षार पडद्यावरच बसतील आणि मेंब्रेन काही दिवसांत दगड होईल. म्हणजे रिजेक्ट हा मशीनचा दोष नाही, त्यावरच मेंब्रेन जिवंत असतं.

आता जोर किती लागतो? १००० टीडीएसला ओढा साधारण ०.७ बारचा असतो, म्हणजे माझ्या ७०० ला अर्धा बार. समुद्राच्या पाण्याला हाच आकडा २७ बारच्या आसपास जातो, म्हणून घरचा आरओ समुद्राचं पाणी गोड करू शकत नाही. उलट गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा जोर दर १० मीटर उंचीला १ बार. वरून दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर जेमतेम ६ मीटर, म्हणजे ०.६ बार. अर्धा बार ओढ्यात गेला, वर पडद्याच्या पुढच्या टोकाला पाणी अजून दाट झालेलं असतं, उरलं काय? थेंब थेंब. म्हणूनच आपल्याकडे बूस्टर पंपाशिवाय आरओ चालत नाही. परदेशी व्हिडिओत नळाला डायरेक्ट पाइप जोडून युनिट चालवतात, कारण त्यांच्या नळाला ३-४ बारचा जोर असतो. ते बघून पंप न घेता युनिट आणणारे बरेच जण मी पाहिलेत.

मेंब्रेनवर ७५ जीपीडी, ८० जीपीडी असं लिहिलेलं असतं. ते दिवसाला गॅलन. ७५ गॅलन म्हणजे २८४ लिटर, पण साधारण ४ बार जोर आणि २५ अंश तापमान असेल तर. पाणी थंड झालं की दर अंशाला साधारण ३ टक्के उत्पादन घटतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत बादली भरायला जास्त वेळ लागला तर मेंब्रेन गेलं असं समजून बदलायला जाऊ नका.

घरचं पिण्याचं मशीन वापरायचं असेल तर

टँक लहान असेल, आठवड्याला २०-३० लिटर लागत असेल, तर वेगळं युनिट नको, पण नळातून सरळ बादली भरू नका. पिण्याच्या मशीनमध्ये मेंब्रेनच्या पुढे बरंच काही असतं. टीडीएस कंट्रोलर, म्हणजे एक छोटा स्क्रू, जो कच्चं पाणी थोडं परत मिसळतो चवीसाठी. मग मिनरल कार्ट्रिज, अल्कलाइन कार्ट्रिज, कॉपर, झिंक, जे त्या कंपनीने जाहिरातीत सांगितलं असेल ते. माणसाला तांब्याचं प्रमाण चालतं, श्रिंप आणि गोगलगायी यांना अगदी थोडं तांबंसुद्धा मारक ठरतं. माझ्याकडे तेच झालं होतं.

उपाय सोपा आहे. मेंब्रेन हाउसिंगमधून शुद्ध पाण्याचा जो पाव इंची पाइप निघतो तो पुढच्या कार्ट्रिजला जाण्याआधी तिथे एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि छोटा व्हॉल्व्ह लावून घ्या. व्हॉल्व्ह उघडला की पाणी तुमच्या कॅनमध्ये, बंद केला की नेहमीसारखं मशीनच्या टाकीत. सर्व्हिसवाल्या दादांना "मेंब्रेनचं प्युअर पाणी वेगळं काढायचंय, कार्ट्रिजच्या आधी" एवढं सांगितलं की ते पंधरा मिनिटांत करून देतात. फक्त वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या.

वेगळं युनिट जोडायचं असेल तर

सुटे भाग आरओ स्पेअर पार्टच्या दुकानात सगळे मिळतात आणि माझं मत असं की तयार "अॅक्वेरियम आरओ" पेक्षा हेच बरं, कारण उद्या काही गेलं तर कोपऱ्यावर मिळतं. क्रम असा: नळ, प्री-फिल्टरचा बाऊल ज्यात ५ मायक्रॉनचा स्पन असतो, मग एसव्ही म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (वीज बंद झाली की पाणी बंद करणारा), बूस्टर पंप, कार्बन, मेंब्रेन. मेंब्रेनला दोन तोंडं बाहेर, एक शुद्ध पाण्याचं आणि एक रिजेक्टचं, आणि रिजेक्टच्या पाइपात एफआर म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर. पंप आणि एसव्ही दोन्ही २४ व्होल्टच्या एकाच अडॅप्टरवर.

स्पन गाळ आणि माती अडवतो. कार्बन मेंब्रेनला वाचवतो, कारण पॉलीअमाइडला क्लोरीन चालत नाही, आणि टँकरच्या पाण्यात कधी किती क्लोरीन किंवा ब्लीचिंग असेल याचा नेम नाही. कार्बनमध्ये काटकसर करू नका. पावडर दाबून केलेला कार्बन ब्लॉक मिळाला तर तो घ्या, दाणेदारपेक्षा पाणी त्यातून जास्त नीट घासून जातं.

एसव्ही बऱ्याच जणांना फालतू वाटतो, तो नसेल तर पंप बंद केल्यावरसुद्धा गच्चीच्या टाकीचं पाणी रिजेक्टच्या पाइपातून रात्रभर हळूहळू गटारात जात राहतं, कळत पण नाही.

एफआरवर ३००, ४५० असे आकडे असतात, ते मिनिटाला अंदाजे किती मिली रिजेक्ट सोडायचं ते. लोक पाणी वाचवायला लहान एफआर लावतात. बोअरच्या पाण्याला तसं करू नका. जोडणी झाल्यावर मापाचा कप घेऊन एक मिनिट शुद्ध पाणी आणि एक मिनिट रिजेक्ट मोजा. माझं १८० मिली आणि ४५० मिली येतं, म्हणजे एकाला अडीच. जड पाण्याला एकाला दोनच्या खाली उतरू नका, मेंब्रेन सहा महिन्यांत बदलायची वेळ येईल आणि वाचलेल्या पाण्यापेक्षा ते महाग पडेल. याच आकड्यावरून वेळ पण कळतो, १८० मिलीच्या हिशोबाने ३० लिटरला पावणेतीन तास.

आता पहिल्यांदा चालू करतानाचा भाग, इथे घाई नको. मेंब्रेन आत न घालता आधी स्पन आणि कार्बनमधून पाणी सोडा. सुरुवातीला काळंकुट्ट येतं, कार्बनची पावडर ती, बादली-दीड बादली गेली की निवळतं. ती पावडर मेंब्रेनवर गेली तर पहिल्याच दिवशी अर्धं काम तमाम. मग हाउसिंग उघडून मेंब्रेन घाला. ज्या टोकाला नळी पुढे आलेली आणि तिच्यावर दोन बारीक काळ्या ओ-रिंग आहेत ते टोक आत, आणि तळाशी गच्च बसल्याचं हाताला कळेपर्यंत दाबा, ओ-रिंगना पाण्याचं बोट लावून घ्या म्हणजे सरकतात. बाहेरच्या टोकाला जी रबरी कॉलर असते ती पाणी कडेने पळून जाऊ देत नाही. ओ-रिंग नीट बसली नाही तर कच्चं पाणी शुद्धमध्ये मिसळतं, नवीन मेंब्रेन असून टीडीएस २०० दिसत असेल तर दहातल्या आठ वेळा हेच असतं. पुश-फिट कनेक्टरला पाइप सरळ कापलेला हवा, तिरका कापला की ठिबकणार. आट्यांच्या जोडाला टेफ्लॉन टेप लागते तशी पुश-फिटला लागत नाही.

नव्या मेंब्रेनमध्ये ते खराब होऊ नये म्हणून औषध भरलेलं असतं, त्यामुळे पहिले दोन तास शुद्ध आणि रिजेक्ट दोन्ही पाणी सोडून द्या. मग मोजा. आत ७०० आणि बाहेर ३० म्हणजे ९५ टक्क्यांहून थोडे जास्त क्षार अडले, उत्तम. ७०० ला ३५ पर्यंत पण छान. बाहेर शून्य आलं नाही म्हणून कुणी नाराज होऊ नये, मेंब्रेन टक्क्यांत काम करतं, आत जास्त तर बाहेर पण थोडं जास्त.

मोजायची वेळ पण महत्त्वाची. मशीन रात्रभर बंद असलं की दोन्ही बाजूंचं पाणी हळूहळू सारखं होत जातं, त्यामुळे सकाळी चालू केल्यावर पहिली काही मिनिटं टीडीएस शंभर-सव्वाशे दिसतो. ते पाणी फरशीच्या बादलीत जाऊ द्या, दहा मिनिटांनी मोजा. आणि दिवसातून चार वेळा थोडं थोडं चालवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सलग चालवलेलं केव्हाही बरं.

कॅन भरायला लावून झोपू नका. मी एकदा रविवारी दुपारी पडलो, उठलो तेव्हा हॉलमध्ये सतरंजी भिजून जड झालेली आणि खालच्या काकू दारात उभ्या. तेव्हापासून कॅनमध्ये फ्लोट स्विच आहे, पाणी वर आलं की पंप आणि एसव्ही दोन्ही बंद, आणि वर टायमर पण आहे तीन तासांचा. दोन्ही ठेवा.

रिकाम्या पाण्यात काय भरायचं

आरओचं पाणी जसंच्या तसं टाकीत घातलं तर काय होतं? केएच शून्य, म्हणजे पीएच धरायला काहीच नाही, टाकीतल्या घाणीतून तयार होणारं आम्ल हळूहळू पीएच खाली खेचतं आणि एके दिवशी तो धपकन पडतो. जीएच शून्य, म्हणजे माशांच्या शरीरातले क्षार टिकवायला त्यांना जास्त कष्ट, श्रिंपना कात टाकताना कॅल्शियम नाही, झाडांची नवी पानं वाकडी. आणि त्या पाण्याचा पीएच मोजत बसू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो सहाच्या खाली पण दिसतो, त्यात अर्थ काही नसतो.

सगळ्यात सोपा मार्ग, बोअरचंच पाणी थोडं परत मिसळायचं. हिशोब असा: हवा असलेला टीडीएस वजा आरओचा टीडीएस, भागिले बोअरचा टीडीएस वजा आरओचा टीडीएस. मला २०० हवा, आरओ ३०, बोअर ७००. १७० भागिले ६७०, म्हणजे जवळपास पाव. ४० लिटरला १० लिटर बोअर आणि ३० लिटर आरओ. जीएच २२ चा पाव साडेपाच, केएच १६ चा पाव ४, कार्डिनलना आणि बऱ्याच टेट्रा-रास्बोरांना एवढं छान जमतं. फक्त बोअरच्या त्या १० लिटरला क्लोरीन काढायचं औषध घाला, टँकर मिसळलेला असू शकतो. आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त असेल, शेतांच्या जवळच्या बोअरला असतं, तर ही पद्धत सोडा, कारण पाव नायट्रेट पण परत येणार.

तेव्हा दुसरा मार्ग, क्षार मोजून घालायचे. श्रिंपवाल्यांना तयार पावडरी मिळतात, चांगल्या असतात पण महाग. घरी करायचं तर ५० लिटर आरओला ४ जीएच आणि २ केएच साठी माझं प्रमाण असं:

लॅब दर्जाचा जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ४.६ ग्रॅम
एप्सम सॉल्ट २.२ ग्रॅम
खायचा सोडा ३ ग्रॅम

यातून कॅल्शियमचे ३ आणि मॅग्नेशियमचा १ असे जीएच ४ होतात. पाऊण-एक ग्रॅमची चूक पण मोठी असते म्हणून सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याचं माप नको. खायचा सोडाच, बेकिंग पावडर नाही, त्यात स्टार्च आणि आम्ल असतं. शेतीचा जिप्सम नको, त्यात माती आणि काय काय असतं. जिप्सम विरघळायला कंटाळवाणा, त्याच पाण्यातल्या चार-पाच लिटरमध्ये घालून मधूनमधून हलवत ठेवा आणि तो ढगाळ गाळ दिसेनासा झाला की मगच ओता. एप्सम आणि सोडा लगेच विरघळतात. रात्रभर हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडून ठेवा, सकाळी मीटरवर दीडशेच्या आसपास दिसलं पाहिजे, मग जीएच-केएच थेंबांनी एकदा तपासा. क्रिस्टल रेडसारखे श्रिंप असतील तर सोडा घालूच नका, त्यांना केएच शून्य ते एकच लागतो.

समुद्री टँकवाल्यांना हे सगळं लागू नाही, त्यांच्या मिठात सगळं असतं. त्यांनी मात्र मेंब्रेनच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे, लावून टीडीएस शून्य करूनच मीठ घालावं, कारण उरलेल्या ३० मधले सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट काचेवर तपकिरी थर आणि शेवाळ आणतात. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपल्याचं डोळ्यांना दिसतं.

टाकी नव्या पाण्यावर नेताना

टाकीत आधीपासून मासे आहेत, पाणी ६५० चं आहे, आणि तुमच्याकडे २०० चं सुंदर पाणी तयार आहे, तर अर्धी टाकी बदलायचा मोह होतो. करू नका. बरेच मासे ७०० मध्येही हळूहळू जुळवून घेतात, त्यांना एकदम झालेला बदल सोसत नाही. आठवड्याला २० टक्के बदललंत तर ६५० चे ५६०, मग ४८८, मग ४३०, असं करत सहा आठवड्यांनी साधारण ३२०. हळू वाटतं, पण हाच वेग ठेवा.

आणि आता ती चूक, जी सगळे नीट करूनही होते. उन्हाळ्यात टाकीचं पाणी उडतं, पाणीच उडतं, क्षार आत राहतात. ती पातळी भरून काढायला तुम्ही बोअरचं पाणी घातलंत तर १०० लिटरच्या टाकीत आठवड्याला १० लिटर, म्हणजे ७ ग्रॅम क्षार, म्हणजे दर आठवड्याला टीडीएस ७० ने वर. दीड-दोन महिन्यांत तुमची सगळी मेहनत परत बोअरवर. उडालेल्या पाण्याच्या जागी कायम कोरं आरओ, काहीही न मिसळलेलं. मिसळलेलं पाणी फक्त पाणी बदलताना, म्हणजे जेव्हा तुम्ही आधी टाकीतलं काढून टाकता तेव्हा. मी दोन कॅन ठेवतो, पांढरा कोऱ्या पाण्याचा, निळा बनवलेल्याचा, आणि घरातल्यांना पण सांगून ठेवलंय की मी गावाला गेलो तर पातळी फक्त पांढऱ्यातून भरायची.

पुढची देखभाल

स्पन पांढरा असतो तो विटकरी-तपकिरी झाला की बदला, आमच्याकडे तीन महिन्यांत होतो, पावसाळ्यात त्याहून लवकर. कार्बन सहा महिन्यांनी, दिसायला तो तसाच दिसतो म्हणून तारखेनेच. मेंब्रेन तारखेने नाही, टक्क्यांनी. बाऊलवर मी पट्टी चिकटवलीय आणि महिन्यातून एकदा आतला आणि बाहेरचा टीडीएस स्केचपेनने लिहितो. ७०० ला ३० होता, वर्षाने ४५, मग ५५. ७० झाला, म्हणजे अडवणूक ९० टक्क्यांवर आली, की नवीन आणायचं. एकदम एका आठवड्यात चढला तर मेंब्रेन आणायला धावण्याआधी ओ-रिंग तपासा.

रिजेक्ट पाणी आमच्याकडे ९०० च्या पुढे असतं. फरशी, संडास, गॅलरी धुवायला, गाडीची चाकं धुवायला ड्रममध्ये साठवतो. कुंड्यांना रोज घालू नका, मातीवर पांढरं येतं आणि झाडं करपतात, तुळशीचं एक रोप माझं असंच गेलं. गाडीच्या काचांना पण नको, डाग पडतात. साठ लिटरचा ड्रम दोन दिवसांत फरशीवरच संपतो.